घटक ५ : आबालाल रहिमान – नदीकाठचे चित्र आणि त्यातील भाव

५.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला –
• चित्रकार आबालाल रहिमान यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• निसर्गचित्रातील दृश्य, भाव आणि अर्थ या तीन पातळ्या वेगळ्या करून पाहता येतील.
• उद्दीपन आणि आलंबन या संकल्पनांच्या आधारे निसर्गचित्र व निसर्गकविता यांची तुलना करता येईल.
• चरित्राचा अभ्यास करताना पुरावा आणि आख्यायिका यांतील फरक स्पष्ट करता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, नदी, घाट, संध्याकाळ यांची वर्णने आपण मराठी कवितेत आणि कादंबरीत अनेकदा वाचतो. अशा वर्णनातून मनात एक भाव जागा होतो आणि त्या भावातून अर्थ सुचतो, हेही आपल्या अनुभवाचे असते. चित्रात शब्द नसतात. तिथे कोणी पात्र बोलत नाही आणि निवेदकही नसतो. तरीही पाण्याच्या एका लहानशा चित्रापुढे उभे राहिल्यावर मन शांत होते, कधी व्याकूळ होते. हा भाव येतो कोठून? चित्रातील वस्तूंमधून, चित्रकाराच्या आयुष्यातून, की पाहणाऱ्याच्या मनातून?

या प्रश्नाचा विचार एका चरित्राच्या आधाराने करणे सोयीचे आहे. आबालाल रहिमान हे आधुनिक महाराष्ट्रातील आरंभीच्या थोर निसर्गचित्रकारांपैकी एक. त्यांची कला मुंबईच्या कलाशाळेत शिस्तीत घडली आणि कोल्हापूरच्या पाण्याकाठी फुलली. त्यांच्याविषयी एक विलक्षण आख्यायिका प्रचलित आहे. ती इतकी प्रभावी आहे की त्यांचे चित्र पाहण्याआधीच पाहणाऱ्याचे मन ती व्यापून टाकते. म्हणून या घटकात आपण त्यांचे जीवन पाहणार आहोत, तसेच ते जीवन चित्रावर किती लादावे याचाही विचार करणार आहोत.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ कोल्हापूर : घर, अक्षर आणि पाणी

आबालाल यांचे मूळ नाव अब्दुल अझीझ. त्यांचा जन्म १८६० च्या सुमारास कोल्हापूर येथे एका मुस्लिम कुटुंबात झाला. कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याची परंपरा या कुटुंबात होती. अशा प्रतीत अक्षराचे वळण, दोन ओळींमधील मोकळी जागा, समासातील वेलबुट्टी आणि सोनेरी रंगाचा वापर या सर्वांना महत्त्व असते. घाईने ओढलेली एक रेघ संपूर्ण पान बिघडवू शकते. लहानपणीच ज्याच्या डोळ्यांसमोर असे काम चालते, त्याला रेषेचा संयम आणि कोऱ्या जागेचे मोल वेगळे शिकवावे लागत नाही. पुढे जलरंगात काम करताना हा संस्कार त्यांच्या उपयोगी पडला असावा, असे त्यांची चित्रे पाहताना वाटते.

दुसरा संस्कार गावाचा होता. कोल्हापूर हे पाण्याचे गाव आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या, तसेच श्रद्धेने मानलेली गुप्त सरस्वती, अशा पाच प्रवाहांवरून पंचगंगेला तिचे नाव मिळाले. तिच्या काठी दगडी घाट, दीपमाळा आणि लहान-मोठी देवळे आहेत. उन्हाळ्यात पायऱ्या उघड्या पडतात. पावसाळ्यात पाणी चढते, नदीपात्राजवळची लहान देवळे बुडतात आणि कधी त्यांचे कळस तेवढे वर दिसतात. शहराच्या एका अंगाला रंकाळा तलाव आहे. त्याच्या काठाशी पाण्यात उतरलेला संध्यामठ आहे. दुसरीकडे कोटितीर्थ हे जुने तळे आहे. वाहते पाणी, चढते-उतरते पाणी आणि स्थिर पाणी अशी तिन्ही रूपे एका गावात चालत जाण्याच्या अंतरावर होती.

आबालाल यांचे वडील अरबी व फार्सीचे जाणकार होते. एका इंग्रज अधिकाऱ्याच्या कुटुंबात ते भाषा शिकवीत असत, त्या निमित्ताने मुलाची रेखाटने त्या कुटुंबाच्या दृष्टीस पडली आणि त्याला मुंबईस पाठवावे अशी शिफारस झाली, असे सांगितले जाते. कोल्हापूरपर्यंत रेल्वे १८९१ मध्ये आली. त्याआधी मुंबईच्या प्रवासाचा पहिला टप्पा रस्त्यानेच पार करावा लागे. संस्थानातील एका सामान्य घरातल्या मुलासाठी ते अंतर केवळ कोसांचे नव्हते. चित्रकला हा घराण्याचा हुन्नर असतो, अशी समजूत असलेल्या जगातून तो चित्रकला हा अभ्यासक्रम असलेल्या जगात जाणार होता.

५.२.२ मुंबई : कलाशाळेतील घडण

सर जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईत १८५७ मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. १८७८ मध्ये शाळेला क्रॉफर्ड मार्केटजवळ स्वतःची इमारत मिळाली. १८८० च्या दशकात आबालाल तेथे शिकत होते. त्या वेळी शाळेपासून थोड्याच अंतरावर व्हिक्टोरिया टर्मिनसची भव्य वास्तू उभी राहत होती आणि तिच्या शिल्पसजावटीत शाळेच्या विद्यार्थ्यांचा सहभाग होता. शाळेचे प्रमुख जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे मोठे काम चालू होते. म्हणजे युरोपीय वास्तववाद आणि प्राचीन भारतीय चित्रपरंपरा यांचे वारे या शाळेत एकाच वेळी वाहत होते.

शिक्षणाची पद्धत मात्र कडक पाश्चात्त्य वळणाची होती. विद्यार्थ्याने प्रथम ग्रीक शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून रेखाटन करायचे. उजेड कोणत्या बाजूने येतो, छाया कोठे गडद होते, कोठे विरते, हे दिवसेंदिवस पाहायचे. त्यानंतर यथार्थदर्शन, मग जिवंत माणसाचा अभ्यास. रंग त्यानंतर. या टप्प्यावर आबालाल यांनी असामान्य प्रावीण्य मिळवले. व्हाइसरॉयच्या नावाचे पदक त्यांना मिळाले आणि त्यांचे अभ्यासचित्रण शाळेने आपल्या संग्रहात ठेवून घेतले.

या अभ्यासाचा निसर्गचित्राशी काय संबंध, असा प्रश्न पडू शकतो. संबंध जवळचा आहे. पांढऱ्या प्लास्टरवर रंग नसतो, फक्त उजेडाच्या पायऱ्या असतात. त्या ओळखण्याची सवय झालेला डोळा नदीकाठी गेला की त्याला आधी झाड, देऊळ, नाव दिसत नाही. त्याला उजळ, मध्यम आणि गडद असे पट्टे दिसतात. चित्रातील भाव प्रथम या पट्ट्यांच्या परस्परसंबंधातून तयार होतो, हे आपण पुढे पाहणार आहोत.

शाळेबाहेरचे मुंबईतील चित्रांचे जगही समजून घेतले पाहिजे. १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापना झाली. तिच्या आरंभीच्या प्रदर्शनांवर युरोपीय चित्रकार आणि युरोपीय ग्राहक यांचा प्रभाव होता. शाळेपासून फारशा दूर नसलेल्या गिरगावात १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना सुरू झाला आणि देवदेवतांची रंगीत चित्रे मध्यमवर्गीयांच्या भिंतींवर पोहोचली. पौराणिक प्रसंगाला बाजार मिळाला. व्यक्तिचित्राला संस्थानिक, व्यापारी आणि सरकारी अधिकारी यांचा आश्रय होता. पण ज्यात देव नाही, राजा नाही, कथा नाही, अशा पाण्याच्या आणि झाडांच्या चित्राला देशी ग्राहक जवळजवळ नव्हता. निसर्गचित्राकडे वळणारा देशी चित्रकार तेव्हा चरितार्थाच्या दृष्टीने मोठा धोका पत्करत होता.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
योग्य पर्याय निवडा / एका वाक्यात उत्तरे लिहा.
१) आबालाल यांच्या कुटुंबात कोणती परंपरा होती? (अ) मूर्तिकाम (आ) हस्तलिखित प्रती तयार करणे (इ) वस्त्ररंगाई
२) मुंबईच्या कलाशाळेत विद्यार्थ्याच्या अभ्यासाचा आरंभ कशाने होत असे?
३) गिरगावातील रविवर्मा छापखान्यातून कोणत्या प्रकारची चित्रे घरोघर पोहोचली?

५.२.३ परतीचा मार्ग

शिक्षण पूर्ण झाल्यावर आबालाल कोल्हापूरला परतले आणि कायमचे तेथेच राहिले. याच गावातून आलेले महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी १८९० मध्ये त्याच शाळेत प्रवेश घेतला. ते मुंबईत स्थिरावले, शाळेत अध्यापक झाले आणि पुढे संचालकपदापर्यंत पोहोचले. धुरंधरांच्या वाट्याला पदे, प्रदर्शने आणि छापील चित्रांचा मोठा प्रसार आला. त्यांनी आपल्या शाळेतील चार दशकांच्या आठवणी पुस्तकरूपाने लिहून ठेवल्या, त्यामुळे त्यांच्या जीवनाचा तपशील आज उपलब्ध आहे. आबालाल यांनी असे काही लिहिले नाही. त्यांचे चरित्र इतरांच्या आठवणींतून आणि शिल्लक राहिलेल्या चित्रांतून जुळवावे लागते.

१८९४ मध्ये राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतलेल्या छत्रपती शाहू महाराजांनी कलावंतांना उदार आश्रय दिला. गायक अल्लादियाखाँ दरबारात आले. नाटक, मल्लविद्या, चित्र या सर्व क्षेत्रांतील गुणी माणसांना कोल्हापुरात मान मिळाला. आबालाल यांना महाराजांनी दरबारी चित्रकार नेमले. या नेमणुकीमुळे त्यांनी व्यक्तिचित्रे व दरबाराच्या गरजेची चित्रे केली. मात्र त्यांचे मन रमले ते पंचगंगेचा घाट, रंकाळा, संध्यामठ आणि कोटितीर्थ येथे. ते अविवाहित राहिले, त्यांची राहणी फकिरासारखी साधी होती. रंग स्वतः तयार करणे, मिळेल त्या कागदावर काम करणे, अशा त्यांच्या सवयींच्या आठवणी कोल्हापुरात सांगितल्या जात.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. गिरगावच्या बाजारपेठेत ज्या चित्राला ग्राहक नव्हता, ते चित्र आबालाल यांना एका राजाच्या पाठबळामुळे काढता आले. हे पाठबळ व्यक्तीशी बांधलेले होते. त्यामागे संग्रहालय, सूची किंवा प्रदर्शनाची नियमित व्यवस्था अशी कोणतीही संस्था उभी नव्हती. या परिस्थितीचा परिणाम पुढे १९२२ मध्ये दिसून आला.

५.२.४ नदीकाठचे चित्र : भाव कोठे असतो?

आबालाल यांची निसर्गचित्रे बहुधा लहान आकाराची आहेत. जलरंग, पेस्टल, तैलरंग अशी वेगवेगळी माध्यमे त्यांनी हाताळली. एकच जागा दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी पुन्हा पुन्हा रंगवणे हा त्यांच्या कामाचा विशेष मानला जातो. रंगाचे सुटे, तुटक फटकारे शेजारी शेजारी ठेवून उजेडाचा भास निर्माण करण्याच्या त्यांच्या रीतीमुळे समीक्षकांना फ्रान्समधील दृक्प्रत्ययवादी चित्रकारांची आठवण झाली. क्लोद मोने यांनी गवताच्या गंजी आणि रूआँचे कॅथीड्रल वेगवेगळ्या उजेडांत रंगवले, तो १८९० च्या दशकाचा पूर्वार्ध होता. मात्र साम्य दिसले म्हणजे अनुकरण झाले असे होत नाही. बदलत्या उजेडाकडे सातत्याने पाहणारे दोन डोळे वेगवेगळ्या देशांत सारख्या निष्कर्षाला येऊ शकतात.

आता नदीकाठच्या चित्रातील भाव कशातून तयार होतो ते क्रमाने पाहू.

(१) क्षितिजाची जागा. क्षितिज वर घेतले तर चित्राचा मोठा भाग पाण्याने व्यापला जातो, पाहणारा पाण्याकडे खाली झुकून पाहतो आणि त्याला जवळीक वाटते. क्षितिज खाली घेतले तर आकाश मोठे होते, पाहणारा लहान होतो. वस्तू त्याच असूनही भाव बदलतो.

(२) उजेडाच्या पायऱ्या. अगदी उजळ आणि अगदी गडद छटा शेजारी आल्या तर ताण निर्माण होतो. मधल्या छटांचे प्रमाण वाढले तर शांतता येते. पहाटेच्या धुक्यात आणि संध्याकाळी टोकाच्या छटा कमी होतात, म्हणून त्या वेळा सौम्य वाटतात.

(३) कडा. घाटाच्या पायरीची कड धारदार ठेवली तर दगड समोर येतो. ती पाण्यात विरू दिली तर दगड आणि पाणी यांतील भेद कमी होतो. कोणती कड ठेवायची आणि कोणती सोडायची, हा चित्रकाराचा निर्णय असतो.

(४) प्रतिबिंब. स्थिर पाण्यात उजळ वस्तूचे प्रतिबिंब थोडे गडद आणि गडद वस्तूचे थोडे उजळ दिसते. म्हणजे पाण्यातले जग वरच्या जगापेक्षा किंचित मवाळ असते. या मवाळपणामुळे प्रतिबिंब पाहताना आठवणीसारखे काहीतरी जाणवते.

(५) मोकळी जागा. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग बहुधा वापरत नाहीत, कागदच पांढरा राहू देतात. पाण्यावरची सर्वांत तेजस्वी चमक ही न रंगवलेली जागा असते. ती आधी ठरवून राखावी लागते. कोऱ्या जागेचे मोल जाणणाऱ्या घरात वाढलेल्या चित्रकाराला ही शिस्त परकी वाटली नसणार.

(६) वेळ. आपल्याकडे सूर्य क्षितिजाखाली जलद उतरतो. इंग्लंडच्या तुलनेत संधिप्रकाश थोडाच वेळ टिकतो. जलरंगातील निसर्गचित्रणाची जी रीत इंग्रजांकडून येथे आली, ती लांब संध्याकाळींच्या देशात घडलेली होती. कोल्हापूरच्या घाटावर तोच उजेड पकडायचा तर चित्र लहान हवे, रंग आधी कालवून ठेवलेले हवेत आणि तपशील गाळण्याची तयारी हवी. लहान आकार आणि झटपट फटकारे यांमागे गरिबी किंवा लहर एवढेच कारण शोधण्याची गरज नाही. विषयाचीच ती मागणी होती.

या सहा गोष्टींपैकी एकही गोष्ट चित्रकाराच्या सुखदुःखाची माहिती देत नाही. तरी त्या सर्व मिळून एक भाव उभा करतात. म्हणून भाव प्रथम चित्रातच शोधावा. त्यानंतर अर्थाकडे वळावे. संध्याकाळ म्हणजे आयुष्याचा शेवट, नदी म्हणजे काळ, घाट म्हणजे निरोप, अशी तयार समीकरणे घेऊन चित्रापुढे गेले की चित्र पाहायचे राहून जाते. एखाद्या चित्रात संध्याकाळ दिवसभराच्या श्रमानंतरची विश्रांती असू शकते, तर दुसऱ्यात तीच संध्याकाळ केवळ तांबूस आणि निळसर रंगांच्या भेटीचा आनंद असू शकते. अर्थ त्या त्या चित्रातील भावाला धरून असावा लागतो.

५.२.५ चित्र आणि कविता

भारतीय साहित्यशास्त्रात रसाच्या कारणांना विभाव म्हटले आहे. ज्या व्यक्तीच्या किंवा वस्तूच्या ठिकाणी भाव निर्माण होतो ते आलंबन आणि तो भाव वाढवणारी परिस्थिती ते उद्दीपन. नायक-नायिकेच्या विरहात चंद्र, मेघ, नदीकाठ ही उद्दीपने होत. जुन्या काव्यात निसर्ग बहुतेक वेळा या दुय्यम भूमिकेत असतो. जुन्या चित्रांतही राजाच्या किंवा देवाच्या मागे नदी असे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही रचना बदलू लागली. केशवसुतांनंतरच्या मराठी कवितेत, विशेषतः बालकवींच्या कवितेत, निसर्ग स्वतः आलंबन झाला. बालकवींचा जीवनकाळ १८९० ते १९१८ असा आहे, म्हणजे आबालाल कोल्हापुरात पाण्याकाठी काम करत होते तेव्हाच ही कविता घडत होती. दोघांचा परस्परांशी संबंध होता असे येथे सुचवायचे नाही. मनुष्यपात्राशिवाय निसर्ग भावाचा केंद्रबिंदू होऊ शकतो, ही जाणीव एकाच काळात मराठी प्रदेशातील दोन कलांत प्रकट झाली, एवढे नोंदवणे पुरेसे आहे.

बालकवींची ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता या दृष्टीने आठवावी. ती निखळ निसर्गचित्र आहे असे काही समीक्षकांनी मानले, तर काहींनी तिच्यात जीवनविषयक प्रतीक पाहिले. हा वाद अनेक वर्षे चालला. निसर्गचित्रापुढेही हाच पेच असतो. उत्तर शोधण्याचा मार्गही सारखाच आहे : आधी रचना बारकाईने पाहायची, मग भाव ओळखायचा आणि मग रचनेला पेलेल एवढाच अर्थ घ्यायचा.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
१) जलरंगातील पाण्यावरची चमक बहुधा कशी साधली जाते?
२) उद्दीपन आणि आलंबन यांतील फरक दोन वाक्यांत सांगा.
३) चूक की बरोबर ते लिहा : चित्रात संध्याकाळ असेल तर त्याचा अर्थ नेहमी आयुष्याचा शेवट असाच घ्यावा.

५.२.६ खेतवाडी आणि कोटितीर्थ : १९२२

६ मे १९२२ रोजी छत्रपती शाहू महाराजांचे मुंबईत गिरगावातील खेतवाडी भागात, पन्हाळा लॉज या निवासस्थानी निधन झाले. त्या वेळी ते ४७ वर्षांचे होते. ज्या मुंबईत आबालाल यांची कला घडली, त्याच मुंबईतून त्यांच्या आश्रयदात्याच्या मृत्यूची वार्ता कोल्हापुरात आली.

या दुःखाने खचून आबालाल यांनी आपली चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, अशी आख्यायिका आहे. त्या चित्रांची संख्या वीस हजार होती, असेही सांगितले जाते. चरित्राचा अभ्यासक म्हणून आपण या आख्यायिकेकडे कसे पाहावे?

प्रथम संख्येचा विचार करू. शिक्षण संपल्यापासून १९२२ पर्यंतचा काळ सुमारे चौतीस वर्षांचा धरला तर त्याचे साधारण साडेबारा हजार दिवस होतात. वीस हजार चित्रे म्हणजे एकही दिवस न चुकता रोज दीडाहून अधिक चित्रे. पूर्ण केलेल्या चित्रांची संख्या म्हणून ती स्वीकारणे कठीण आहे. रोजची रेखाटने, रंगांचे प्रयोग, अर्धवट सोडलेले कागद हे सर्व धरले तर मोठा ढीग संभवतो. लोकस्मृतीतील वीस हजार हा आकडा मोजणीपेक्षा विपुलता सांगणारा मानणे अधिक योग्य ठरेल.

दुसरा विचार घटनेचा. आबालाल यांच्या कामाचा फार थोडा भाग आज पाहायला मिळतो, ही वस्तुस्थिती आहे. आख्यायिका या वस्तुस्थितीचे कारण सांगते. परंतु सर्व नाश एका दिवशी, एका दुःखातून झाला असे मानले की इतर कारणे झाकली जातात. हलक्या प्रतीचा कागद, दमट हवा, कसर, घराघरांतील दुर्लक्ष, चित्रांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा अभाव या कारणांनी त्या काळातील कितीतरी चित्रे नाहीशी झाली. मुंबईच्या कलाशाळेने जपलेली त्यांची विद्यार्थिदशेतील रेखाटने टिकली. तेथे जपणूक करणारी संस्था होती. स्वतंत्र प्रतिभेने काढलेल्या निसर्गचित्रांना मात्र असे छत्र लाभले नाही. एका राजाच्या मृत्यूने एखाद्या चित्रकाराचे जवळजवळ सर्व काम निराधार व्हावे, यात त्या राजाचे मोठेपण जसे दिसते तसे समाजाचे उणेपणही दिसते.

तिसरा विचार आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. ही आख्यायिका ऐकल्यानंतर आबालाल यांचे कोणतेही पाण्याचे चित्र पाहिले तरी त्यात शोक दिसू लागतो. वस्तुतः १९२२ पूर्वीच्या चित्रात १९२२ मधील शोक असू शकत नाही. सकाळच्या उन्हातला घाट रंगवताना चित्रकार प्रसन्न असू शकतो. पुढे घडलेल्या घटनेचे दुःख मागे नेऊन त्या सकाळीवर लादणे हा चित्रावरही अन्याय आहे आणि माणसावरही. ज्याने आयुष्याची अनेक वर्षे उजेडाकडे पाहण्यात घालवली, त्याची ओळख केवळ एका विनाशाच्या कृतीने व्हावी, हे उचित नाही.

याचा अर्थ आख्यायिका टाकून द्यावी असा नाही. ती समाजाच्या भावनेचा पुरावा असते. राजा आणि कलावंत यांचे नाते कोल्हापूरकरांना किती उत्कट वाटत होते, हे तिच्यातून कळते. फक्त ती चित्राच्या जागी ठेवू नये.

५.२.७ अखेरची वर्षे आणि वारसा

महाराजांच्या निधनानंतर दरबारातील कलावंतांचे जीवन बदलले. अल्लादियाखाँ मुंबईत गेले आणि तेथील श्रोत्यांनी व शिष्यांनी त्यांची गायकी पुढे नेली. गायकाला महानगरात मैफल आणि शिष्यवर्ग मिळू शकत होता. आबालाल यांनी कोल्हापूर सोडले नाही. डिसेंबर १९३१ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

कोल्हापूरच्या पुढच्या पिढीतील चित्रकारांनी त्यांना आदराचे स्थान दिले. बाबूराव पेंटर हे त्यांतील एक. पडदे रंगवण्यापासून सुरुवात करून त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट पडद्यावर आणला. याच कंपनीत उमेदवारी केलेल्या व्ही. शांताराम यांनी १९४२ मध्ये मुंबईत परळ येथे राजकमल कलामंदिराची स्थापना केली. या सर्वांचे श्रेय आबालाल यांना देणे अतिशयोक्तीचे होईल. पण उजेड आणि छाया यांकडे गांभीर्याने पाहणारे जे कलाविश्व कोल्हापुरात तयार झाले, त्याच्या आरंभी ते उभे होते, हे निश्चित. त्यांची काही चित्रे आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात पाहता येतात. त्यांच्या संध्यामठाच्या चित्राचा उल्लेख महाराष्ट्रातील निसर्गचित्रणाच्या चर्चेत आवर्जून केला जातो.

५.३ समारोप

आबालाल रहिमान यांच्या जीवनात दोन शहरे आहेत. मुंबईने त्यांना उजेड-छायेची शिस्त दिली आणि कोल्हापूरने ती शिस्त वापरण्यासाठी नदी, तळे व घाट दिले. कथा, देव किंवा राजा यांच्या आधाराशिवाय नुसते पाणी आणि प्रकाश चित्राचा विषय होऊ शकतात, हे त्यांनी आपल्या कामातून दाखवले. निसर्गचित्रातील भाव क्षितिज, छटा, कडा, प्रतिबिंब, मोकळी जागा आणि वेळ यांच्या निवडीतून तयार होतो व अर्थ त्या भावाच्या आधाराने उभा राहतो. चित्रकाराचे चरित्र आपल्याला चित्राजवळ नेते, परंतु जवळ गेल्यावर चित्र आपल्याच डोळ्यांनी पाहावे लागते. कवितेच्या अभ्यासातही हीच दृष्टी तुम्हाला उपयोगी पडेल.

५.४ पारिभाषिक शब्द

यथार्थदर्शन : दूरच्या वस्तू लहान व जवळच्या मोठ्या दाखवून सपाट पृष्ठभागावर खोलीचा भास निर्माण करण्याची पद्धत.
छटा : एखाद्या रंगाची उजळ किंवा गडद पायरी.
दृक्प्रत्ययवाद : क्षणोक्षणी बदलणाऱ्या प्रकाशाचा डोळ्यांना येणारा प्रत्यय रंगवणारा, एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये उदयास आलेला संप्रदाय.
विभाव : रसनिर्मितीचे कारण. त्याचे आलंबन व उद्दीपन असे दोन प्रकार.
आख्यायिका : लोकांत परंपरेने सांगितली जाणारी, पूर्णपणे पुराव्यावर न आधारलेली कथा.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : १) (आ). २) ग्रीक शिल्पांच्या प्लास्टर प्रतिकृतींच्या रेखाटनाने. ३) देवदेवतांची व पौराणिक विषयांची रंगीत चित्रे.
प्रश्न २ : १) कागदाची जागा न रंगवता मोकळी ठेवून. २) ज्याच्या ठिकाणी भाव निर्माण होतो ते आलंबन. तो भाव वाढवणारी परिस्थिती म्हणजे उद्दीपन. ३) चूक.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

१) आबालाल रहिमान यांच्या कलाजीवनाला मुंबई व कोल्हापूर या दोन शहरांनी कोणते वळण दिले ते सविस्तर लिहा.
२) कोटितीर्थाच्या आख्यायिकेचे चरित्रलेखनाच्या दृष्टीने परीक्षण करा.
३) तुमच्या अभ्यासक्रमातील कोणतीही एक निसर्गकविता निवडून तिच्यातील निसर्ग उद्दीपन आहे की आलंबन, हे सकारण स्पष्ट करा.
४) उपक्रम : आपल्या परिसरातील पाण्याची एखादी जागा निवडा. मुंबईतील विद्यार्थ्यांनी वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव किंवा दादरची चौपाटी निवडण्यास हरकत नाही. एकाच दिवशी सकाळी, दुपारी आणि सूर्यास्तानंतर तेथे पंधरा-पंधरा मिनिटे थांबा. प्रत्येक वेळी फक्त उजेड, छटा, कडा आणि प्रतिबिंब यांची नोंद करा. आनंद, उदास, शांत ही विशेषणे वापरू नका. नंतर तिन्ही नोंदी वाचून प्रत्येकीतून कोणता भाव जाणवतो ते वेगळ्या परिच्छेदात लिहा.